समञ्ञा आणि सत्ता : ब्रह्मदेश की म्यानमार?

मराठीतील बौद्ध लेखनात गेल्या साडेतीन दशकांपासून एक गोंधळ रुजला आहे. एकाच लेखात पहिल्या परिच्छेदात 'ब्रह्मदेश', दुसऱ्यात 'बर्मा' आणि तिसऱ्यात 'म्यानमार' असे उल्लेख येतात, आणि ही तिन्ही नावे एकाच देशाची आहेत हे नव्या वाचकाच्या ध्यानात येत नाही. संपादक मंडळी हा मुद्रणशुद्धीचा प्रश्न मानतात. आमच्या मते हा प्रश्न नाव देण्याच्या अधिकाराचा आहे. ज्या समाजाने स्वतःच्या नावासाठी दीर्घ लढा दिला, त्या समाजाच्या नियतकालिकांनी तरी तो सवयीवर सोपवू नये.

या देशाशी आपला संबंध केवळ भूगोलाचा नाही. डिसेंबर 1954 मध्ये रंगून येथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे ज्यांच्याकडून त्यांनी त्रिशरण-पंचशील ग्रहण केले, ते कुशीनाराचे भदन्त चंद्रमणी महास्थविर मूळचे आराकानचे. 1954 ते 1956 या काळात रंगून येथेच सहावी धम्मसंगीती झाली आणि तीत संशोधित झालेले त्रिपिटक पुढे इगतपुरीच्या धम्मगिरीवरून देवनागरीत छापले गेले. आज महाराष्ट्रातील पालीचा विद्यार्थी मूळ पाठ पाहण्यासाठी बहुधा हीच आवृत्ती उघडतो. धम्मगिरीचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांचा जन्म 1924 साली मंडाले येथे झाला होता. याच मंडालेत लोकमान्य टिळक 1908 ते 1914 या काळात कैदेत होते, आणि तेथून पदच्युत केलेला राजा थिबा 1916 साली रत्नागिरीत मरण पावला. इतके धागे ज्या देशाशी जुळले आहेत, त्याचे नाव आपण कोणाच्या सांगण्यावरून घेतो, हे विचारणे प्राप्त आहे.

नावांची चिकित्सा

प्रथम शब्दांचा विचार करू. त्या देशाच्या भाषेत दोन रूपे आहेत. ग्रंथभाषेतील रूप 'म्रन्मा', ज्याचा आजचा उच्चार 'म्यन्मा' असा होतो, आणि बोलीतील रूप 'बमा'. दोन्ही एकाच मुळाची आहेत असे भाषापंडितांचे सर्वसाधारण मत आहे. 'म्रन्मा' हे रूप बाराव्या शतकातील शिलालेखांत आढळते. तेथील पाली ग्रंथकारांनी त्याचेच 'मरम्म' केले. 1861 साली पञ्ञासामि या भिक्खूने रचलेल्या 'सासनवंस' या ग्रंथात हा शब्द वारंवार येतो. इंग्रजांनी बोलीतील रूप उचलून 'बर्मा' केले. 'बर्मा सागवान' आणि 'बर्मा शेल' यांच्यामार्फत ते मराठी घरांतही शिरले.

मग 'ब्रह्मदेश' कोठून आला? आपल्या काही वाचकांना या शब्दाचे वावडे आहे, कारण त्यात त्यांना ब्राह्मणांचा ब्रह्मा दिसतो. शंका रास्त आहे. मात्र तिचा निर्णय पाली पाठांच्या आधारे व्हावा. ब्रह्मदेशीय परंपरेतच आपल्या नावाचा संबंध 'ब्रह्म' शब्दाशी जोडण्याची जुनी रीत आहे. तिचा आधार दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्त होय. त्यात आभस्सर लोकातून पृथ्वीवर उतरलेल्या आद्य जीवांचे वर्णन येते, आणि ते ब्रह्मजीव म्हणजेच आपले पूर्वज अशी तेथील समजूत. ही लोकव्युत्पत्ती आहे. शास्त्रीय व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही. परंतु ज्या सुत्ताचा ती आधार घेते, ते सुत्तच ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याचा ब्राह्मणांचा दावा खोडून काढण्यासाठी सांगितलेले आहे. शिवाय ब्रह्मविहार, ब्रह्मचरिय अशा पाली समासांत 'ब्रह्म' म्हणजे श्रेष्ठ. तेव्हा 'ब्रह्मदेश' हा शब्द ब्राह्मणी म्हणून टाकून द्यावा, असे आम्हांस वाटत नाही. तो मराठीचा स्वतःचा, रूढ शब्द आहे, आणि कोणत्याही सेनापतीच्या हुकमाने तो मराठीत आलेला नाही.

नावे इकडून तिकडे नेण्याची हौस राज्यकर्त्यांनाच असते असेही नाही. सासनवंसकाराने अपरान्त हा प्रदेश आपल्याच देशात असल्याचे मानले आहे. मज्झिमनिकायातील पुण्णोवादसुत्तात पुण्ण स्थविर ज्या सुनापरन्तात जातो, तो प्रदेशही ब्रह्मदेशीय परंपरा उत्तर ब्रह्मदेशात दाखविते. वास्तविक अट्ठकथा पुण्णाचा संबंध सुप्पारक बंदराशी जोडते, आणि सुप्पारक म्हणजे आपल्या वसईजवळचे सोपारे. तेथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले असून 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उजेडात आणला. तेथील भिक्खूंनी आपल्या कोकणचे नाव श्रद्धेने स्वतःच्या भूमीस लावले. इतिहासदृष्ट्या ते चुकीचे आहे. पण त्यासाठी कोणाचे नाव पुसले गेले नाही, की कोणावर गोळी चालली नाही. श्रद्धेने घेतलेले नाव आणि बंदुकीच्या धाकाने लादलेले नाव यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

1989 चा हुकूम

2 मार्च 1962 रोजी जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली. 1988 साली जनता रस्त्यावर आली. तिच्यावर गोळीबार झाला आणि 18 सप्टेंबर 1988 रोजी लष्कराच्या नव्या मंडळाने कारभार हाती घेतला. या मंडळाने 18 जून 1989 रोजी एक कायदा काढून देशाचे परभाषेतील नाव 'बर्मा'ऐवजी 'म्यानमार' केले. त्याच कायद्याने रंगूनचे यांगून, पेगूचे बागो आणि आराकानचे राखाईन झाले. देशाच्या स्वतःच्या भाषेतील अधिकृत नावात 4 जानेवारी 1948 च्या स्वातंत्र्यापासूनच 'म्यन्मा' हा शब्द होता. म्हणजे हा कायदा मुख्यतः जगाने काय म्हणावे याचा होता.

लष्कराने सांगितलेले कारण असे की, 'बमा' हे केवळ बहुसंख्य जमातीचे नाव असून 'म्यन्मा'त शान, कारेन, काचीन, चीन असे सर्व लोक येतात. हे कारण तपासून पाहण्यासारखे आहे. 1930 च्या दशकात इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या 'दोबमा' संघटनेने नेमके उलट सांगितले होते : 'म्यन्मा' हे एका जमातीचे नाव, तर 'बमा'त सर्वांचा समावेश होतो. एकाच शब्दाच्या दोन उच्चारांना आलटूनपालटून सर्वसमावेशक ठरविण्यात आले. ज्यांचा समावेश करावयाचा, त्या शान-कारेनांना मात्र दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. त्यांच्यापैकी अनेकांच्या दृष्टीने दोन्ही शब्द बहुसंख्यांचेच आहेत.

27 मे 1990 रोजी झालेल्या निवडणुकीत ऑंग सान स्यू ची यांच्या पक्षाने 485 पैकी 392 जागा जिंकल्या. लष्कराने तो कौल मानला नाही. निवडून आलेल्यांना सभागृहात बसू न देणाऱ्यांनी वर्षभर आधी देशाचे नाव बदललेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे लोकशाहीवादी पक्ष 'बर्मा' या नावाला का धरून राहिला, ते कळते. संयुक्त राष्ट्रसंघाने नवे नाव स्वीकारले. अमेरिका आणि ब्रिटन यांनी जुनेच चालू ठेवले. कोण काय म्हणतो यावरून कोण कोणाच्या बाजूचा, हे ओळखले जाऊ लागले.

परंतु 'बर्मा' हे लोकांचे आणि 'म्यानमार' हे लष्कराचे, अशी सोपी वाटणीही आम्ही मान्य करणार नाही. 'बर्मा' हे इंग्रजी रूप 1824 पासूनच्या तीन युद्धांच्या मागोमाग त्या देशावर बसले. 1 जानेवारी 1886 रोजी थिबाचे राज्य खालसा झाले आणि 1937 पर्यंत तो देश ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत म्हणून हाकला गेला. एक नाव परकीय सैन्याने जगभर नेले, दुसरे स्वकीय सैन्याने. नावाच्या उगमावरूनच त्याचा निवाडा करावयाचा, तर दोन्हीही उत्तीर्ण होत नाहीत.

बुद्धवचनातील कसोटी

या वादास लावता येईल अशी कसोटी मज्झिमनिकायातील अरणविभङ्गसुत्तात आहे. 'रण' म्हणजे कलह आणि 'अरण' म्हणजे कलहाचा अभाव. कोणत्या वागण्याने कलह वाढतो आणि कोणत्या वागण्याने तो शमतो, याचे विवरण करताना भगवंतांनी भाषेचा प्रश्न हाताळला आहे. उदाहरण साध्या भांड्याचे आहे. त्याच भांड्यास एका जनपदात पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, तिसऱ्यात वित्थ, आणखी कोठे सराव. भगवंतांनी येथे दोन दोष दाखविले आहेत. आपल्या जनपदाचाच शब्द खरा आणि बाकीचे खोटे, असा हट्ट धरणे हा एक. लोकांत रूढ असलेल्या समञ्ञेस, म्हणजे सर्वसंमत संज्ञेस, तुडवून पुढे जाणे हा दुसरा. ज्या जनपदात जे म्हणतात, ते आसक्तीवाचून म्हणावे, हा मध्यम मार्ग.

1989 च्या हुकमात हे दोन्ही दोष एकवटले आहेत. पण हीच कसोटी विरोधकांनाही लागू पडते. केवळ 'बर्मा' म्हटल्याने कोणी लोकशाहीवादी होत नाही. एप्रिल 2016 मध्ये सत्तेवर आल्यावर स्यू ची यांनीच परदेशी वकिलांना, दोन्हींपैकी कोणतेही नाव वापरा, असे सांगितले. ही भूमिका सुत्ताच्या बरीच जवळची होती.

येथे कोणी विचारील की, नाव ही जर केवळ समञ्ञा, लोकव्यवहाराने ठरलेली खूण, तर तिच्यासाठी भांडावे कशाला? सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तही नाम आणि गोत्र ही माणसांनी कल्पिलेली आहेत, असेच सांगते. आमचे उत्तर असे की, नाव माणसांनी ठरविलेले असते, म्हणूनच ते कोणत्या माणसांनी ठरविले हा प्रश्न उरतो. समञ्ञेला संमती लागते. संमती काढून घेतली म्हणजे जे राहते तो हुकूम.

आपला अनुभव

हा भेद आपल्याला ग्रंथांवाचूनही ठाऊक आहे. जानेवारी 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीच्या निमित्ताने अस्पृश्यांना 'हरिजन' ही संज्ञा कायद्याने देण्याचा प्रस्ताव आला. भाऊराव गायकवाड आणि डॉ. बाबासाहेब यांनी त्यास विरोध केला. ज्यांचे नाव ठरत होते त्यांचेच प्रतिनिधी नको म्हणत असताना बहुमताने ते संमत झाले, आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृह सोडून गेले. ते सभागृह निवडून आलेले होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. लष्कराने दिले म्हणून नाव वाईट आणि मतदानाने दिले म्हणून चांगले, असा हिशेब येथे चुकतो. ज्याचे नाव, त्याला विचारले का, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच उभा राहतो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची कथा याची दुसरी बाजू दाखविते. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, पण तो अमलात आला नाही. उलट मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. पोचीराम कांबळे मारले गेले. 1993 साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. तेथे संमती होती, परंतु ती अमलात आणण्याचे धैर्य सत्तेपाशी सोळा वर्षे नव्हते. नावात काय आहे, असे आपणांस त्या काळात वारंवार विचारण्यात आले. नावात काही नसते, तर वस्त्या कशासाठी जाळल्या?

एक लहान उदाहरण आमच्या जवळच्या भंडारदऱ्याचे. अकोले तालुक्यातील प्रवरेवरच्या या धरणाचे काम 1910 साली सुरू झाले आणि 1926 साली पुरे झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्यास 'विल्सन डॅम' हे नाव पडले आणि जलाशय 'आर्थर लेक' झाला. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत ही नावे अद्याप सापडतात. परंतु परिसरातील गावकरी भंडारदऱ्याचे धरण म्हणतात, आणि खालच्या लाभक्षेत्रातला शेतकरीही पाण्याच्या पाळीची चौकशी करताना भंडारदऱ्याचेच नाव घेतो. साहेबांचे नाव कागदावर राहिले आणि समञ्ञा लोकांपाशी राहिली. 2024 साली जिल्ह्याचे नाव अहमदनगरऐवजी अहिल्यानगर झाले. त्यावर अनुकूल-प्रतिकूल मते जाहीरपणे मांडता आली. रंगूनच्या नागरिकाला 1989 साली एवढीही मोकळीक नव्हती.

नाकारलेले नाव

आता या प्रश्नाच्या सर्वांत कठीण भागाकडे वळू. भदन्त चंद्रमणींचा उल्लेख आपण 'ब्रह्मी भिक्खू' असा करतो. ते आराकानचे होते, आणि आराकानी लोक स्वतःला बहुसंख्य बमांहून वेगळे मानतात. आराकानला स्वतःचे राज्य होते. ते 1785 च्या सुमारास ब्रह्मदेशाच्या राजाने जिंकून घेतले. तेव्हा दीक्षाभूमीवरील त्या महास्थविरांना आपण दिलेले विशेषणही त्यांना जिंकणाऱ्यांचे आहे.

त्याच आराकानात रोहिंग्या मुसलमान राहत आले आहेत. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अभ्यासकाने 1799 सालीच या नावाची नोंद केलेली आहे. 1982 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुतेकांचे नागरिकत्व हिरावले गेले. 2014 च्या जनगणनेत जो स्वतःला रोहिंग्या म्हणवील, त्याची नोंदच घेतली गेली नाही; 'बंगाली' म्हणवून घेणे हाच त्याच्यापुढे पर्याय होता. ऑगस्ट 2017 पासून सात लाखांहून अधिक माणसे लष्कराच्या अत्याचारामुळे बांगलादेशात गेली. डिसेंबर 2019 मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात स्यू ची यांनी आपल्या देशाची बाजू मांडली, तेव्हा एका सशस्त्र संघटनेच्या नावाचा अपवाद सोडता 'रोहिंग्या' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. देशाला न विचारता नाव दिले, म्हणून ज्या जगभर दाद मागत होत्या, त्यांनीच एका जनसमूहाचे स्वतः सांगितलेले नाव घेण्याचे टाळले. 1 फेब्रुवारी 2021 रोजी लष्कराने त्यांनाही कैद केले. त्यानंतर त्याच वर्षी लोकशाहीवाद्यांच्या प्रतिसरकारने आपल्या निवेदनात 'रोहिंग्या' हा शब्द वापरला. ते आधी घडावयास हवे होते.

'बौद्ध राष्ट्र' म्हणावे काय?

आमची मुख्य तक्रार येथे आहे. ब्रह्मदेश म्हणावे की म्यानमार, यावर आपल्याकडे अधूनमधून पत्रव्यवहार तरी होतो. पण आपल्या पानांवर त्या देशाचे जे तिसरे नाव सर्रास येते, 'बौद्ध राष्ट्र', त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. हे नाव ऐकून सर्वांत संतुष्ट होणारे कोण असतील, तर ते सेनापती. त्यांनी राजधानी नेप्यिडॉ येथे श्वेडगॉनच्या धर्तीवर चैत्य उभारून 2009 साली पूर्ण केला आणि त्यास पाली नाव दिले, 'उप्पातसन्ति', म्हणजे अरिष्टांची शांती. आपल्या मंडळाच्या नावातही 1997 साली त्यांनी 'शांतता' हा शब्द घातला, आणि 2025 साली पुन्हा घातला. पालीचा अभ्यासक या नात्याने आम्हांस येथे मौन पाळणे शक्य नाही. ज्या भाषेत मेत्तसुत्त आहे, तिच्यातील शब्द बंदुकीच्या दस्त्यावर कोरले जात असतील, तर त्यांचा मूळ अर्थ सांगणे हे आमचे काम आहे.

त्या देशातील भिक्खूंनी तो अर्थ 2007 साली आपल्या आचरणाने सांगितला. पाकोक्कू येथे सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली. भिक्खूंनी क्षमायाचनेची मागणी केली, आणि ती पुरी न झाल्याने चुल्लवग्गात सांगितलेले पत्तनिक्कुज्जन कर्म केले. वड्ढ लिच्छवीने निरपराध भिक्खूवर खोटा आळ घेतला, तेव्हा संघाने त्याच्यासाठी भिक्षापात्र उपडे केले होते. म्हणजे त्याचे दान स्वीकारण्याचे थांबविले होते. तेच कर्म लष्करी अधिकाऱ्यांविरुद्ध करण्यात आले. मेत्तसुत्ताचे पठण करीत भिक्खू रस्त्यांवरून चालले, आणि त्यांच्यावरही गोळ्या झाडण्यात आल्या. अरणविभङ्गसुत्तातील भांडे पत्त म्हणा की पाति, उपडे केलेल्या भांड्याचा अर्थ प्रत्येक जनपदात एकच होतो. हेही विसरता कामा नये की, त्याच देशात चीवर धारण करून मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरविणारेही निघाले. दोघांनाही 'बौद्ध राष्ट्र' या एकाच नावाखाली झाकणे हा पहिल्यांवर अन्याय आहे.

बाबासाहेबांनी धम्माची कसोटी नीती ही ठेवली, आणि ती नीती सर्वांसाठी समान असली पाहिजे, असे त्यांनी बजावले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाकडून घेतली, असे त्यांनी 1954 साली आकाशवाणीवरून सांगितले. या कसोटीवर कोणतेही राष्ट्र त्याच्या चैत्यांच्या संख्येवरून बौद्ध ठरत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. मराठी मजकुरात 'ब्रह्मदेश' हे रूढ नाव चालू ठेवावे. कायदे, करार व संस्था यांच्या अधिकृत उल्लेखात 'म्यानमार' लिहावे. आणि पहिल्या उल्लेखात दोन्ही द्यावीत, म्हणजे वाचकाचा गोंधळ होणार नाही. पाली ग्रंथांच्या संदर्भात 'मरम्म' ठेवावे. चंद्रमणी महास्थविरांना आराकानी म्हणावे. रोहिंग्यांना रोहिंग्या म्हणावे, कारण ते स्वतःला तसे म्हणतात. याहून अधिक पुरावा आपण आपल्या नावासाठी कधी दिला नव्हता. लष्करी राजवटीला लष्करी राजवट म्हणावे. आणि 'बौद्ध राष्ट्र' हे नाव, निदान आपल्या पानांवर, सेनापतींच्या हाती पडेल अशा रीतीने लिहू नये.